रेस्ट झाली का?

“तुमचं हृदय दमलंय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मला हसू आलं. एवढ्या शिकलेल्या बाई, समोर एवढं मोठं मशीन, आणि निदान काय, तर दमलंय! आई डोक्यावरून दळण आणून पडवीत टेकली की असं म्हणायची. मी डाव्या कुशीवर पडलो होतो, छातीला गार जेल लावलेलं होतं, आणि मॅडम माझ्या बरगड्यांमध्ये पेनासारखं काहीतरी दाबून धरत होत्या. या तपासणीला टूडी इको म्हणतात. हृदयाची सोनोग्राफीच ती. सुई नाही, दुखणं नाही, त्यामुळे कुणी लिहून दिली तर घाबरू नका.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “ही डावी बाजू बघा. हिनं मुठीसारखं घट्ट आवळायला हवं. तुमची नुसती हलतेय.”

मग त्यांनी इजेक्शन फ्रॅक्शन हा शब्द वापरला. हृदयात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, त्याचं हे माप. ते निम्म्याच्या वर असावं लागतं. माझं एक तृतीयांशाच्या जरासं पुढे होतं. माझं हसू तिथेच विरलं. मला बायको आठवायला हवी होती, मुलगी आठवायला हवी होती. खरं सांगतो, पहिल्यांदा इंजिन आठवलं.

“मॅडम, मी रेल्वेत ड्रायव्हर आहे. गाडी चालवता येईल ना?”

“आत्ता तर अजिबात नाही,” त्या म्हणाल्या. “पुढे येईल की नाही, हे शोधायचंय.”

पुढचे चार महिने मी त्या एका वाक्यावर काढले.

मी दत्तात्रय. वय सेहेचाळीस. राहतो लोणावळ्यात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मूळ गाव आंदर मावळात, जिथे एसटी चुकली तर पायच कामाला येतात. कागदावर आम्हाला लोको पायलट म्हणतात. मी चालवतो ते बँकर इंजिन. कर्जतला गाडीच्या शेपटाला लागायचं, मागून ढकलत तिला घाट चढवायचा, लोणावळ्यात सुटायचं आणि परत खाली जायचं. गाडीतल्या लोकांना मागे कुणी जोर लावतंय हे माहीतही नसतं. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. गावातही मला बँकरच म्हणायचे, कारण कुणाचं काहीही अडलं की ढकलायला मी हजर.

रेल्वे आम्हाला विश्रांती तासांनी मोजून देते. ड्युटी संपली की घरी इतके तास रेस्ट, बाहेरगावी रनिंग रूममध्ये इतके तास रेस्ट. ड्युटीवर येताना लॉबीत, म्हणजे आमच्या हजेरीच्या खोलीत, आधी फुंकून दाखवायचं, दारू प्यायलेली नाही म्हणून. मग पुरेशी विश्रांती झाली आहे, अशी सही करायची. मी अठरा वर्षं ती सही केली. दारूचं कधीच खोटं नव्हतं. विश्रांतीचं बहुतेक वेळा खोटं होतं.

घरी रेस्ट लागली की मी मोटारसायकल काढायचो. कार्ल्याला रस्त्यालगत आमचा तुकडा आहे, तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात. गिझर चालत नाही, गाद्या कमी पडल्या, जेवणात तिखट जास्त झालं, असे फोन दिवसभर चालू. तिथून गावाला. शेती आबांची, म्हणजे वडिलांची, पण आबा आता चौऱ्याहत्तरचे. लावणी, कापणी, झोडणी, सगळ्याला मी. चार-पाच तास झोपायचो आणि ते चारचौघांत मिरवायचो. रिकामं बसलेल्या माणसाकडे मी अशा नजरेनं बघायचो, की त्यानं माझ्या खिशात हात घातलाय.

पहिलं लक्षण आलं ते भात झोडताना. पेंढी उचलली, आपटली, आणि छातीत एक ठोका गेलाच. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी, तसं वाटलं. पाठोपाठ एक जोराचा ठोका, आतून कुणी दार वाजवल्यासारखा. मग सगळं सुरळीत. मी गॅस समजून सोडा प्यायलो.

पुढे हे रोजचं झालं. कधी चार वेळा, कधी मोजता येणार नाही इतक्या वेळा. इंजिनवर असं होत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे इंजिनवर मी तिकडे लक्षच देत नव्हतो. हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण माझ्या पुढे हजारभर माणसं बसलेली असायची.

मग एका दुपारी कार्ल्याला पाण्याचा जार घेऊन वरच्या खोलीकडे निघालो आणि सातव्या पायरीवर बसावं लागलं. माझी बायको सुषमा खाली चादरी वाळत घालत होती. ती वर आली आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

“अहो, तुमच्या मानेची शीर बघा कशी उडतेय. आणि मधेच थांबतेय.”

“जार जड होता.”

“रोज जडच असतो,” ती म्हणाली, आणि तिनं चप्पल घातली.

रेल्वेच्या दवाखान्यात ईसीजी काढला. ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेचा कागदावरचा आलेख. डॉक्टरांनी पट्टी दोनदा बघितली, मला सिकमध्ये घेतलं, म्हणजे आजारपणाच्या रजेवर टाकलं, आणि पुण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे ते दमलेलं निदान झालं. अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात ती. वाहिन्या स्वच्छ निघाल्या. ब्लॉकेज नाही, शुगर नाही. मला वाटलं, सुटलो.

मॅडमना तसं वाटलं नाही. त्यांनी समोरच्या कागदावर मला दोन रस्ते काढून दाखवले.

माझ्या हृदयात अवेळी जादा ठोके पडत होते. त्यांना व्हीपीसी म्हणतात. खालच्या कप्प्यातून वेळेआधीच निघालेला ठोका. असे थोडे ठोके धडधाकट माणसालाही पडतात, त्यात काही नसतं. पण दिवसभर, महिनोन्‌महिने पडत राहिले तर हृदयाचा स्नायू त्यानंच दमतो. पहिली शक्यता ही. मग ते ठोके आवरले की स्नायू पुन्हा उभा राहू शकतो. दुसरी शक्यता उलटी. स्नायूलाच मुळात आजार झालेला असतो, आणि ठोके त्याच्यामुळे पडत असतात. मग तो आजार जन्माचा सोबती.

“पहिलं असेल तर इंजिन?” मी विचारलं.

“आशा आहे.”

“आणि दुसरं असेल तर?”

मॅडमनी पेन उचललं. त्यांनी हॉल्टर लिहून दिला.

हॉल्टर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. छातीला वायरी चिकटवतात, डबी कमरेला अडकवतात, आणि ती चोवीस तास एकेक ठोका टिपून ठेवते. सोबत एक कागद देतात. किती वाजता काय केलं, काय वाटलं, ते त्यावर लिहायचं. मॅडमनी बजावलं, “फार जोर करू नका, पण रोज जगता तसंच जगा. उठणं, चहा, फोन, कामं, सगळं नेहमीसारखं.”

आता माझी चूक सांगतो.

आम्हा ड्रायव्हर लोकांची एक जुनी खोड आहे. ठरावीक वर्षांनी आमचं मेडिकल असतं. नापास झालं की इंजिन सुटतं आणि माणूस कुठल्यातरी टेबलामागे बसतो. त्यामुळे मेडिकल जवळ आलं की चहा कमी होतो, झोप वाढते, जेवणात मीठ कमी पडतं आणि घरातली भांडणं पुढे ढकलली जातात. डॉक्टरांपुढे आम्ही आमचं शरीर नेतच नाही. पाहुण्यांसमोर आणायचं धुतलेलं, इस्त्री केलेलं शरीर नेतो. मला हॉल्टरही मेडिकलच वाटलं. परीक्षाच आहे तर चांगले मार्क मिळवू.

डबी लावली तो सोमवार होता. पुण्याहून मी थेट गावाला गेलो, सुषमा सोबत होती. आमच्या गावात सोमवारी औत जुपत नाहीत. बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही, कितीही काम पडलेलं असो. आता बहुतेकांकडे बैलच उरले नाहीत, पण आबांकडे अजून दोन आहेत. सात वर्षांपूर्वी मी रेस्टच्या दिवशी भाड्यानं ट्रॅक्टर आणला होता आणि तो नेमका सोमवार होता. आबा आडवे आले, तेव्हा मी म्हणालो होतो, “ट्रॅक्टरला कुठला आलाय सोमवार?” आबा बांधावरून उठून घरी गेले होते.

तर या सोमवारी आबा पडवीत बसले होते आणि बैल कापलेल्या खाचरात मोकळे चरत होते. मी खाट ओढली आणि आडवा झालो. ठोके शांत राहावेत म्हणून फोन बंद केला. जेवलो, पुन्हा आडवा झालो. दुपारी चार तास गाढ झोपलो, इतका की सुषमानं दोनदा येऊन माझा श्वास बघितला. सायंकाळी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. रात्री नऊला पुन्हा झोपलो.

मधेमधे उठून कागद भरत होतो. अकरा ते बारा, शेतात काम. बारा ते एक, जनावरांचं बघितलं. तीन ते पाच, पेंढा रचला. अक्षर अगदी इंजिनच्या लॉगबुकसारखं सुबक.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मी शर्टसुद्धा नवा घातला होता. मॅडमनी रिपोर्ट वाचला, मग तो कागद वाचला, मग पुन्हा रिपोर्ट वाचला.

“जादा ठोके अगदी थोडे आहेत,” त्या म्हणाल्या.

मी मनात पेढे वाटले.

“हे चांगलं नाही,” त्या म्हणाल्या. “दिवसभर एवढं काम करूनही ठोके इतके थोडेच पडत असतील, तर ते तुमचं हृदय दमवू शकत नाहीत. म्हणजे दुखणं स्नायूतच असणार. दुसरा रस्ता.” मग त्या आयसीडीबद्दल बोलल्या. छातीत कातडीखाली बसवायचं यंत्र, ठोका धोकादायक झाला तर आतून झटका देणारं. एमआरआय करू, मग ठरवू, असं म्हणाल्या. इंजिनाची आशा धरून बसू नका, हेही त्यांनी हळूच सांगितलं.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. समोर भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्या लावल्या होत्या. त्या मी चारदा वाचल्या. खोटे मार्क मिळवून मी नापास झालो होतो. आता खरं सांगावं तर मॅडम काय म्हणतील? कागदावर खोटं लिहिणारा ड्रायव्हर म्हणून हेच पुढे रेल्वेला कळवलं तर?

सुषमानं पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली.

“अहो, त्या कागदावर तुम्ही काय लिहिलंत ते मी बघितलंय,” ती म्हणाली. “तुम्ही आत जाऊन सांगताय, का मी सांगू?”

मी गेलो. दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पेंढा रचला नाही, जनावरांचं बघितलं नाही, झोपलो होतो, सोमवार होता. पुढे गाडी घसरली तशी लॉबीतल्या सह्यांची गोष्टही निघून गेली. मॅडम पेन हातात धरून ऐकत होत्या.

“म्हणजे त्या चोवीस तासांत तुम्ही काहीच केलं नाहीत?”

“बैलांच्या पाठीवर हात फिरवला. तेवढं खरं आहे.”

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, मग हा तर फार मोलाचा रिपोर्ट आहे! आता पुन्हा डबी लावा. आणि या वेळी खरं जगा.”

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा डबी लावली. शुक्रवारी खोल्यांवर गर्दी होती. पहाटे पाचला उठलो, पाच चहा झाले, चौतीस फोन झाले. मोटर बिघडली, गरम पाण्यावरून एका गटाशी वाजलं, टेम्पोत पेंढा चढवताना मजुराला हात लावला. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आणि समासातही लिहावं लागलं. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी मी मुद्दाम काही वाढवलं नव्हतं. असेच दिवस मी अठरा वर्षं काढले होते.

मॅडमनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सोमवारच्या पट्टीवर सरळ, सारख्या अंतरावरचे ठोके, एखादाच वेडावाकडा. शुक्रवारची पट्टी म्हणजे पोरानं हातात खडू घेऊन भिंत रंगवावी तशी. दर तीन-चार ठोक्यांमागे एक अवेळी.

“गोळी अजून एकही दिलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “हृदय तेच, आठवडा तोच. फरक फक्त एका दिवसाच्या विश्रांतीचा. सगळ्यांचं असं होत नाही हं. पण तुमच्या हृदयानं आपणहून सांगितलंय.”

मी त्या दोन कागदांकडे बघतच राहिलो. कुणाच्या चमत्कारावर मी कधी विश्वास ठेवला नाही. पण आबांच्या पडवीतल्या त्या खाटेवर, मी घोरत असताना, माझ्या छातीत एवढं काही घडत होतं आणि मला पत्ताही नव्हता. 

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं. त्याच्या स्वतःच्या स्नायूला ते कधी मिळतं, माहितीये?”

मी म्हणालो, “ठोका पडला की.”

“नाही. आवळतं तेव्हा त्याच्या स्वतःच्या वाहिन्या दाबल्या जातात. डाव्या बाजूला रक्त मिळतं ते बहुतेक सगळं दोन ठोक्यांच्या मधे, सैल सुटतं तेव्हा. त्याला डायस्टोल म्हणतात. शांत बसलेल्या माणसाचं हृदय आवळण्यापेक्षा जास्त वेळ सैल असतं. त्याला आळशी म्हणाल का?”

 सेहेचाळीस वर्षं एक दिवसही सुट्टी न घेतलेला कामगार म्हणून मी हृदयाकडे बघत होतो, आणि मनातून त्याच्याशी स्वतःची बरोबरी करत होतो. आणि ते तर दर ठोक्याला बसत होतं! बसत होतं म्हणूनच इतकी वर्षं चाललं होतं.

मग मीच त्यांना आमच्या घाटाची गोष्ट सांगितली. घाट उतरताना प्रत्येक गाडीला ठरलेल्या जागी थांबावंच लागतं. तिथला रूळ बदलायचा काटा मुद्दाम आडव्या, चढाच्या रुळाकडे लावलेला असतो. त्या रुळाला कॅच साइडिंग म्हणतात. गाडी थांबली, तिचे ब्रेक शाबूत आहेत हे कळलं, की मगच काटा खालच्या वाटेकडे फिरतो. जी थांबत नाही ती त्या चढावर जाऊन अडकते. मी त्या थांब्याला कायम वैतागायचो, दांड्यावर बोटं वाजवत बसायचो. मॅडमनी ते दोनदा समजून घेतलं आणि म्हणाल्या, “हे मी बाकीच्या पेशंटना सांगणार.”

एमआरआय झाला. त्यात स्नायूवर डाग दिसला नाही. मॅडमनी पहिल्या रस्त्यावर बोट ठेवलं, पण सोबत बजावलं की खात्री तीन महिन्यांनीच होईल. बीटा ब्लॉकर नावाची गोळी सुरू झाली. ती हृदयाचा वेग आवरते, त्याला सैल सुटायला सवड देते. तंबाखूची पुडी त्यांनी स्वतः माझ्या खिशातून काढून टोपलीत टाकली. चहा दोनच. रात्री पूर्ण झोप, दुपारी आडवं होणं, सकाळी सपाटीवर चालणं. तीन महिन्यांनी हृदय सुधारलं तर इंजिनाचं बोलू. नाही सुधारलं तर पुढचे उपाय.

कुणाला वाटेल, काय मजा आहे, पगारी झोप! पहिले पंधरा दिवस मी नुसता जळत होतो. हात शिवशिवायचे. न गळणारा नळ मी तीनदा दुरुस्त केला आणि चौथ्यांदा तो खरंच गळायला लागला. आडवं पडून मोबाईल बघत होतो आणि त्याला विश्रांती म्हणत होतो. सुषमा तो काढून डाळीच्या डब्यात ठेवायची. खोल्यांची पाटी तिनं उलटी करून टाकली, शनिवार-रविवार तेवढी सरळ करायची, आणि त्या दिवशी मला तिकडे फिरकू द्यायची नाही. मी नसताना धंदा बसेल अशी माझी खात्री होती. बसला नाही. गावात चुलतभावानं भाताच्या रोपांसाठी राब भाजले, हरभरा काढला. मी नसताना सगळं नीट चाललंय, याचा मला चक्क राग आला. तो उतरायला महिना लागला.

एकदा गावाला गेलो असताना आबांना विचारलं, “आबा, सोमवार का पाळायचा? कामं तर पडलेलीच असतात की.”

आबा तंबाखू मळायचे थांबले. मी समोर असलो की ते आता खात नव्हते, नुसती मळायचे.

“कामं पडल्याली असत्यात म्हनूनच पाळायचा,” ते म्हणाले. “सोमवारी सोडल्याला बैल मंगळवारी कसा चालतो, बगितलंयस कदी? चाबूक लागत न्हाई. आन् न सोडल्याला बैल बुदवारी नांगराच्या तासातच बसतो. मंग मार त्याला. उठतोय व्हय?”

“मला कधी सांगितलं नाही हे.”

“सांगितलं आसतं, पन तू बसलास कवा?” मग म्हणाले, “तू ट्रॅक्टर आनलास त्याचं मला वाईट न्हाई वाटलं. ट्रॅक्टर दमत न्हाई, खरं हाय. पन त्याच्यावर बसनारा माझा पोरगा हुता.”

सात वर्षं मला वाटत होतं की ते बैलांसाठी रुसून उठले. मी तोंड फिरवून गोठ्यात गेलो आणि पुरता रडलो.

तीन महिन्यांनी तीच खोली, तेच गार जेल, मी डाव्या कुशीवर. सुषमाला या वेळी आत उभं राहू दिलं. मॅडम बराच वेळ बटणं दाबत होत्या. मग त्यांनी स्क्रीन वळवला.

मूठ आवळत होती. घट्ट आवळत होती आणि पूर्ण उघडत होती. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, पण त्या आवळण्याइतकंच ते उघडणं बघून मी थक्क झालो. काही घाई नाही. आवळलं, सुटलं, भरून घेतलं. सेहेचाळीस वर्षं माझ्या आत हे चालू होतं आणि मी एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

“निम्म्याच्या वर गेलंय,” मॅडम म्हणाल्या. “पहिलाच रस्ता होता.”

सुषमानं भिंतीला हात टेकला. मी विचारलं, “अजून जरा वेळ बघू का?” बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्या बाईंनी मला आणखी दोन मिनिटं माझं हृदय बघू दिलं. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर तीही दोन मिनिटं धरावी लागतील.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा ठोका चुकत असेल, तर त्यांना एवढंच सांगतो. माझं निदान ते तुमचं समजू नका. बहुतेकांचे जादा ठोके निरुपद्रवी असतात, पण ते डॉक्टरांनी सांगावं, सोड्यानं नाही. आणि तपासणीला जाताना धुऊन, इस्त्री करून जाऊ नका. जसे आहात तसे जा.

रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या केल्या, महिनाभर थांबवलं आणि मग फिट लिहिलं. रिफ्रेशर कोर्स झाला, घाटात दुसऱ्यांसोबत फेऱ्या झाल्या. मग माझी स्वतःची पहिली ड्युटी लागली. सकाळची. सुषमानं डबा केला, गणवेशाला इस्त्री केली. मला रात्रभर झोप आली नाही. काळजीनं नाही, आनंदानं. लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा मी इतका जागलो नव्हतो.

लॉबीत सगळ्यांनी हात मिळवले. कुणीतरी पेढे आणले होते. मी फुंकून दाखवलं. खिडकीतल्या हजेरी घेणाऱ्या बाबूंनी अठरा वर्षांच्या सवयीनं, मान वर न करता विचारलं, “काय दत्ताभाऊ, रेस्ट झाली का?”

“झाली” हा शब्द जिभेवर आलाच होता. तो तिथे कायम तयारच असतो. सहा महिने मी याच खिडकीची वाट बघत होतो.

“नाही झाली,” मी म्हणालो.

बाबूंनी मान वर केली. “काय?”

“झोप लागली नाही. आज गाडी नको.”

“अहो, पहिल्याच दिवशी? साहेब काय म्हणतील?”

साहेब जे म्हणाले ते मी उभा राहून ऐकलं. सहा महिन्यांनी आलात आणि येताच नाटकं, असंही म्हणाले. माझ्या जागी राखीव ड्रायव्हर गेला. पेढा तोंडात धरून मी क्वार्टरवर परत आलो. सुषमानं मला दारात बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी कारण सांगितलं. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, पडदे ओढले आणि अंथरूण घातलं.

मी झोपलो. दुपार झोपलो, जेवलो, रात्र झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत तेच बाबू होते. या वेळी त्यांनी मान वर करून विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले.

“झाली,” मी म्हणालो, आणि सही केली.